मदत हवी आहे: चर्चमधल्या मावशींचा पगार

नमस्कार. मी वसईचा, आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) समितीवर यंदाच आलोय. चर्च आणि हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशींना महिन्याला 4,500 रुपये मिळतात, गेली सहा वर्षं तेवढेच. खाडा झाला की पैसे कापतात.

ईस्टरच्या जागरणानंतर सगळे घरी गेले, तेव्हा रात्री दीडला मावशी जुन्या पात्याने फरशीवरचं मेण खरवडत होत्या. आमच्याच मेणबत्त्यांचं. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बैठकीत विषय काढला तर उत्तर आलं, "ही देवाची सेवा आहे, आणि त्यांनी स्वतः कबूल केलंय." मला हे पटत नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या कामगारांविषयीच्या परिपत्रकात नेमकं हेच खोडून काढलंय: गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी मान्य केली, तरी पोट भरेल इतकी मजुरी देणं हे न्यायाचंच देणं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:4) तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. आपण हे वाचन मिस्सात ऐकतो आणि बाहेर पडतो!

तुमच्या चर्चमध्ये सफाईवाल्या, माळी, वॉचमन यांचा पगार कसा ठरवता? भरपगारी रजा, बोनस, पीएफ देता का? लेखी नियम असतील तर नमुना पाठवाल का? 1 मे, कामगार संत योसेफचा सण, त्याआधी मला ठराव मांडायचाय. फादरांशी आधी एकट्याने बोलू की थेट बैठकीत? मावशींचं काम जाऊ नये, हीच धास्ती आहे.