दिवस न भरता झालेली मुलगी सात महिन्यांची, बसत नाही. वॉकर द्यावा का?

प्रश्न
३० व्या आठवड्यात जन्म, वजन १३५० ग्रॅम. आता सात महिने पूर्ण, वजन ५.८ किलो. मान धरते, कुशीवर वळते, पण बसवलं की मागे कलंडते. उभं धरलं तर चवड्यांवर ताठ राहते. अंगणवाडीच्या कार्डावर 'कमी वजन' आलंय. घरचे म्हणतात, पायांत जोर आहे, वॉकर आणू.

बालरोग_ओपीडी
आधी वय नीट मोजा. ४० आठवड्यांना १० कमी पडले, ते आजच्या सात महिन्यांतून, म्हणजे ३० आठवड्यांतून वजा करा. सुधारित वय २० आठवडे, म्हणजे साडेचार महिने. एवढ्यात बसण्याची अपेक्षाच नाही. वजनाचंही तेच: मुलींच्या तक्त्यात हिरव्या पट्ट्याची खालची रेघ सात महिन्यांना ६ किलोवर असते, साडेचारला सव्वापाचच्या आसपास. ठिपका चुकीच्या महिन्यावर पडलाय. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. लोहाच्या थेंबांचा डोस वजनावर ठरतो. घरी जाताना लिहून दिलेलाच महिनोन्‌महिने चालू असतो, तो डॉक्टरांकडून आताच्या वजनाप्रमाणे बदलून घ्या.

बाल_फिजिओ
वॉकर नको, पांगुळगाडाही इतक्यात नको. ताठ पाय म्हणजे जोर नव्हे. शेवटचे आठवडे बाळ पोटात मुटकुळं करून असतं. हिचे ते दवाखान्यात काचेच्या पेटीत सपाट पडून गेले. म्हणून पाठ आणि पोटऱ्या ताणून धरतात, पोटाचे स्नायू मागे राहतात. वॉकरमध्ये ती जांघेवर लोंबकळून चवड्यांनी जमीन ढकलेल, नको तीच सवय पक्की होईल.

त्यापेक्षा जागी असताना सतरंजीवर पालथी ठेवा. छातीखाली दुपट्याची गुंडाळी, कोपरं खांद्यांच्या किंचित पुढे, तुमचा एक हात तिच्या कमरेखाली, ढुंगणावर. कोपरं मागे सरकली की नाक घासतं, बाळ रडतं आणि 'हिला पालथं आवडत नाही' असं ठरून जातं. तीन-तीन मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, पण दूध पाजल्यापाजल्या नाही. मालिश करताना पाय ओढून सरळ करू नका.

प्रश्नकर्ती
उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते, अंगठा आत. डावी उघडी.

बाल_फिजिओ
ताई, मग थांबू नका. सुधारित वय धरलं तरी आता दोन्ही मुठी बऱ्यापैकी उघड्या हव्यात, आणि पहिल्या वर्षात एकच हात पुढे यायला नको. याच आठवड्यात दाखवा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. खुळखुळ्याकडे हात नेतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओही घरीच काढून ठेवा. दवाखान्यात मूल रडलं की दोन्ही मुठी मिटतात आणि फरक दिसत नाही.