नाताळात नको, फेब्रुवारीत जा

चिपळूणहून नाताळच्या सुट्टीत स्कीइंगला काश्मीरचं गुलमर्ग की उत्तराखंडचं औली, असं विचारलंय. माझं मत गुलमर्गलाच, पण नाताळात नको. तेव्हा गोंडोलाची (वर नेणाऱ्या केबल कारची) रांग हलत नाही आणि खालच्या उतारावर स्लेजवाले, फोटोवाले यांच्या गर्दीत नवशिक्याला वळायलाही जागा मिळत नाही. शिवाय बर्फाचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर तिथले उतार कोरडे पडले होते! आपण कोकणात मृगाची वाट बघतो, तशी तिथली माणसं पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिवाळ्यात बर्फ पाडणाऱ्या वादळी हवेची बघतात. फेब्रुवारीत थर सहसा चांगला असतो. वर अफरवट शिखरावरचा भुसभुशीत बर्फ अप्रतिम, पण हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. गाइडशिवाय तिथं अजिबात जाऊ नका.