मदत हवी आहे: टोर्नेडो समोर होता, फोटोत कुंपणाची तार आली

मंडळी, मी डॅलसला असतो, दोन वर्षं झाली मे महिन्यात सुट्टी काढून ओक्लाहोमा-कॅन्ससकडे वादळांच्या मागे हिंडतोय (बायको गाडी चालवते, मी रडार बघतो, भांडतो दोघंही). यंदा पश्चिम ओक्लाहोमात एकदाचा टोर्नेडो दिसला, पाच-सहा किमीवर असेल, आणि साठ फोटोंत नुसता राखाडी गिचका. वर काळाकुट्ट ढग, क्षितिजावर उजेडाची पट्टी आणि मधली सोंड मागच्या पावसात विरघळलेली, ऑटोफोकस पुढेमागे करत बसला आणि शेवटी कुंपणाच्या तारेवर जाऊन लॉक झाला!! तार काय शार्प आलीये म्हणता. ट्रायपॉड उघडला तर वाऱ्याने आडवा.

किट लेन्स १८-५५, सगळं ऑटोवर. सेटिंग काय ठेवू? का अजून जवळ जायला हवं होतं? त्यावर बायको एकच शब्द बोलते, एल रेनो.

प्रतिसाद १:
वहिनींचं ऐका. ३१ मे २०१३ चा एल रेनोचा टोर्नेडो ४.२ किमी रुंद झाला होता, मधेच दिशा बदलली, टिम समारास यांच्यासारखा वादळांच्या पाठलागात मुरलेला माणूस, त्यांचा मुलगा आणि सहकारी गेले त्यात. तुमचा प्रॉब्लेम अंतराचा नाहीच. फोकस मॅन्युअल करा, आधीच लांबच्या पाण्याच्या टाकीवर लावून रिंगला चिकटपट्टी मारा. रॉ मध्ये (जेपेगऐवजी कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, शटर १/२५० च्या खाली नको, एक्स्पोजर त्या उजेडाच्या पट्टीवर धरा, काळा भाग नंतर उचलता येतो. ट्रायपॉड सोडा, इंजिन बंद करून खिडकीत तांदळाची पिशवी ठेवा, तिच्यावर कॅमेरा. तुम्ही कुठल्या बाजूला होतात?

धागाकर्ता:
आग्नेयेला, तोंड वायव्येकडे. संध्याकाळचे सात वगैरे.

प्रतिसाद १:
मग जागा बरोबर होती, ही वादळं बहुतेक ईशान्येकडे सरकतात, तुम्हाला दक्षिणेला पळायला रस्ता मोकळा. पण सूर्य सोंडेच्या मागे, म्हणजे ती काळीच दिसणार, आणि मधे पाऊस आला की गेलीच. तीच सोंड पश्चिमेकडून, ऊन पाठीशी घेऊन बघितली तर पांढरी दिसते. म्हणून पलीकडे जायला गारांत गाडी घालू नका हं, आणि तिकडचे लाल मातीचे रस्ते भिजले की साबण होतात, डांबरी सोडू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद! बायको म्हणतेय पिशवीत कोलम भर, बासमतीला हात लावायचा नाही.