दंड भरला म्हणजे फिटले का? (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

माई आत्या: सकाळी दादाने रोनाल्डोचा फोटो हात जोडून पाठवला, तो पाहून राहवले नाही. २२ जानेवारी २०१९ रोजी हाच माणूस माद्रिदच्या न्यायालयात करचुकवेगिरीची कबुली द्यायला गेला होता आणि तिथेही चाहत्यांना हसत हसत सह्या देत होता. २३ महिन्यांची शिक्षा झाली, पण एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नाही. याचे कुणालाच काही वाटत नाही का?

दादा: आत्या, त्याने जवळपास १ कोटी ८८ लाख युरो भरायचे मान्य केले. पैसे भरले, विषय संपला.

भाऊकाका: संपला कसा? स्पेनमध्ये पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा दोन वर्षांच्या आत असेल, तर न्यायाधीश ती स्थगित ठेवू शकतात. मेस्सीला २१ महिने, रोनाल्डोला २३, फुटबॉल प्रशिक्षक मोरिन्योला एक वर्ष. सगळे त्या रेषेच्या अलीकडेच राहिले.

ताई: काका, मेस्सीला यात ओढू नका. वडिलांनी पुढे केलेल्या कागदांवर आपण विश्वासाने सह्या केल्या, असे त्याने न्यायालयात सांगितले होते.

भाऊकाका: ते न्यायालयाला पटले नाही, ताई. जाहिरातींत नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे बेलीझ, उरुग्वे अशा ठिकाणच्या कंपन्यांतून फिरवून २००७ ते २००९ या तीन वर्षांत ४१ लाख युरोंचा कर बुडवला गेला. तीन वर्षांचे तीन गुन्हे, प्रत्येकी सात महिने. ज्या वडिलांवर तू सगळे ढकलते आहेस, त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १५ महिन्यांवर आणली. मुलाची मात्र तशीच ठेवली. पुढे तीही दिवसाला ४०० युरो या हिशेबाने २,५२,००० युरोंच्या दंडात बदलली गेली. कैदेच्या एका दिवसाची ही किंमत त्याच्यासारख्याला जाणवली तरी असेल का?

ताई: तुम्ही वडीलधारे आहात म्हणून मी वाद वाढवत नाही, पण रोनाल्डोची रक्कम याहून कितीतरी मोठी होती, हेही लिहायला हवे होते.

दादा: दोघांनीही पैसे भरले. विषय संपला.

माई आत्या: दादा, तेच वाक्य किती वेळा लिहिशील? जर्मनीत बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष उली होनेस यांनी स्विस बँकेतील खात्याची माहिती स्वतःहून कर खात्याला दिली होती. पूर्ण कबुली असती तर तिथल्या कायद्याने शिक्षा टळली असती, पण ती अर्धवट निघाली. मार्च २०१४ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा आरोप ३५ लाख युरोंचा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः १ कोटी ५० लाखांची भर घातली आणि चौथ्या दिवशी निकाल लागला तेव्हा आकडा २ कोटी ८५ लाखांवर गेला होता. साडेतीन वर्षांची कैद झाली. त्यांनी अपील केले नाही, अध्यक्षपद सोडले आणि लँड्सबर्गच्या तुरुंगात गेले.

ताई: अर्धी शिक्षा भोगून फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सभासदांनी त्यांना पुन्हा अध्यक्ष केले, हे का गाळलेत?

माई आत्या: गाळले नाही, ते मलाही खुपते. पण ते तुरुंगात जाऊन आले होते, आणि माझा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. दादा, तो फोटो ग्रुपवरून काढून टाक.

दादा: तुमचा मान राखून काढतो, आत्या. पण पैसे त्याने भरले आहेत.