'आठवलं' इंग्रजीत कसं आणायचं?

एका आत्मकथनाचं इंग्रजी भाषांतर करतेय. वाक्यं साधी आहेत: 'नाव आठवेना. खूप आठवून पाहिलं. शेवटी नाद सोडला, आणि रात्री एकदम आठवलं.' मी तिन्ही ठिकाणी 'रिमेंबर' लिहिलं होतं. संपादकांनी मधल्या जागी 'रिकलेक्ट' घातलं, दुसऱ्या एका वाचकांनी ते जुनाट म्हणून खोडलं. 'रिमेंबर', 'रिकॉल', 'रिकलेक्ट' यांत तुम्ही फरक कसा करता?

—

'रिमेंबर' म्हणजे मनात असणं, 'रिकॉल' म्हणजे हाक मारून परत आणणं. 'रिकलेक्ट'चा मूळ लॅटिन अर्थच 'पुन्हा गोळा करणे'. जिथे धडपड आहे तिथे संपादकांचं बरोबर आहे. मनात राहिलेलं आणि शोधून काढलेलं हा भेद ॲरिस्टॉटलनेही केला होता.

—

मला 'रिमेंबर'च आवडतो. 'मेंबर' म्हणजे अवयव. तुटलेले अवयव पुन्हा जोडायचे, म्हणजे रिमेंबर.

—

ही व्युत्पत्ती बऱ्याच जणांकडून ऐकली आहे, पण ती चूक आहे. अवयवाचा 'मेंबर' आला लॅटिन 'मेंब्रम'वरून, आणि 'रिमेंबर' 'मेमॉर'वरून, म्हणजे 'ध्यानात असलेला'. कवितेत हवी तर वापरा, भाषांतर त्यावर ठरवू नका.

—

फरक विभक्तीत शोधा. 'मला आठवलं' यात मी काही केलेलंच नाही, आठवण आपल्या पायांनी आली. 'आठवून पाहिलं' म्हटलं की मी कामाला लागलो. म्हणून शेवटच्या 'आठवलं'ला 'इट केम बॅक टू मी' हवं. 'आय रिमेंबर्ड'मध्ये श्रेय उगाच माझ्याकडे येतं. विसरताना मात्र आपण सरळ 'मी विसरलो' म्हणतो, दोष स्वतःकडे घेतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

—

'मला विसर पडला' हेही म्हणतोच की! आणि उलटी अडचणही आहे. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवतं. नोकरीत नवा असताना मी 'आय रिमेंबर टू सेंड द फाइल' असं लिहून दिलं. मला म्हणायचं होतं, पाठवल्याचं आठवतंय. कुणालाच ते कळलं नाही आणि दिवसभर चौकशी झाली.

—

'तुझी आठवण येते' याला तर 'रिमेंबर' चालतच नाही, 'मिस' लागतं. आता मराठीतच 'मी तुला मिस करते' झालंय. कानाला खुपतं.

—

का खुपावं? 'आठवण येते' दहा वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांबद्दलही म्हणतात. माझी मुलगी 'मिस करते' म्हणते तेव्हा मला तिची ओढ कळते. तो शब्द आता मराठीच आहे.

—

ओढीसाठी 'तुझ्यावाचून करमत नाही' आहे ना. आपण वापरलं नाही तर मुलींना कुठून मिळणार?

—

मूळ प्रश्नाकडे येतो. योगसूत्रांत स्मृतीची व्याख्या 'अनुभूतविषयासंप्रमोषः' अशी आहे. 'मुष्' म्हणजे चोरणे. अनुभवलेलं चोरीला न जाणं, ती स्मृती. त्यात बोलावणं नाही, गोळा करणंही नाही. इंग्रजीत 'रिटेन' त्यातल्या त्यात जवळचं.

—

सर्वांचे आभार. मधे 'ट्राइड टू रिकॉल' आणि शेवटी 'केम बॅक' ठेवलंय. पण पुढच्याच पानावर 'सगळ्यांनी आजीची आठवण काढली' असं आहे. ही 'काढलेली' आठवण कशी न्यायची?