'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून चालणं सोडायचं का?

कृष्णाकाठ (धागा काढणारा)

घरात दोन पिढ्या मधुमेह असला की चाळिशीतली माणसं हमखास म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे, व्यायाम करून काय उपयोग?" शिकलेसवरलेले लोकही म्हणतात, डॉक्टरांसमोर बसून म्हणतात. या वाक्याला उत्तर देणारा बराच पुरावा जमलाय. तो मांडतो, मग तुम्ही सगळे तुटून पडा.

२००७ साली एफटीओ या जनुकाचा आणि वजनाचा संबंध सापडला. त्याचं धोक्याचं रूप आईकडूनही आणि वडिलांकडूनही आलेल्या माणसांचं वजन, ते अजिबात न आलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरलं. पुढे २०११ मध्ये ४५ अभ्यासांतल्या २,१८,१६६ प्रौढांची माहिती एकत्र करून मेटा-ॲनालिसिस झालं. हालचाल न करणाऱ्यांमध्ये या धोक्याच्या रूपाच्या दर प्रतीमागे (आईकडून एक, वडिलांकडून एक) लठ्ठपणाची शक्यता (संख्याशास्त्रात जिला ऑड्स म्हणतात ती) ३० टक्क्यांनी वाढत होती. हालचाल करणाऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनी. ३० चे २२ झाले, म्हणजे जनुकाचा जोर साधारण २७ टक्के उतरला. आणि 'हालचाल न करणारे' कोण, तर बऱ्याच अभ्यासांत ज्यांचं काम बैठं आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम आठवड्याला एक तासही नाही, असे लोक. दुसऱ्या गटात जायला मॅरेथॉन पळावी लागत नव्हती.

हृदयविकाराचंही असंच. २०१६ साली ५५,६८५ जणांचा अभ्यास आला. जनुकीय धोक्यानुसार लोकांचे पाच भाग केले, तर सर्वांत वरच्या भागाला सर्वांत खालच्यापेक्षा ९१ टक्के जास्त धोका होता. पण त्या वरच्या भागातही ज्यांची राहणी चांगली होती, त्यांचा धोका वाईट राहणीवाल्यांपेक्षा ४६ टक्के कमी. अमेरिकेतल्या एका गटात, याच वरच्या भागातल्या लोकांपैकी, दहा वर्षांत हृदयविकाराचा फटका बसलेले वाईट राहणीवाल्यांत १०.७ टक्के होते, चांगल्या राहणीवाल्यांत ५.१ टक्के.

ज्याच्या घरात रोग आहे त्याने इतरांच्या आधी चालायला लागावं, असं माझं मत आहे.

गणिती

आकडे बरोबर आहेत, पण त्यांवर चढवलेला मजला मला मान्य नाही.

२०१६ चा अभ्यास व्यायामाचा नाहीच. त्यातली 'चांगली राहणी' म्हणजे धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि बरा आहार, या चारांपैकी किमान तीन. सिगारेट न ओढणारा, सडपातळ, नीट जेवणारा माणूस आयुष्यात कधी व्यायाम न करता तुमच्या त्या ५.१ टक्क्यांच्या गटात बसतो.

एफटीओ हे एक जनुक झालं. २०१७ मध्ये दोन लाखांवर प्रौढांचा सगळा जनुकसंच चाळून असा परिणाम शोधला, तर व्यायामाने जोर उतरतो असं ठामपणे एफटीओबद्दलच दिसलं. तुम्ही सांगितलेल्या २०११ च्या अभ्यासात १९,२६८ मुलंही होती. त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. प्रौढांमध्येही तो उत्तर अमेरिकेत जास्त दिसला, युरोपात कमी.

माझी खरी शंका वेगळीच आहे. माणूस व्यायाम करतो की नाही यातही अनुवंशिकतेचा हात असतो. ज्याचं शरीर मुळात काटक, त्यालाच पळायला आवडतं आणि तोच जास्त जगतो. मग श्रेय व्यायामाचं की काटकपणाचं? फिनलंडमध्ये जुळ्यांचा मोठा अभ्यास आहे. १९९८ साली त्यातून निघालं की व्यायाम करणारं भावंड जास्त जगतं. पुढे फक्त एकरूप जुळी घेतली, म्हणजे जनुकं तीच, तेव्हा व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या भावंडांच्या मृत्युदरात फरक दिसला नाही. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांची कितीही बेरीज करा, त्यातला हा दोष बेरजेने जात नाही.

कृष्णाकाठ

गणिती, मुलांचा मुद्दा रास्त. जुळ्यांचा सर्वांत जड. पण अशा एकरूप जुळ्यांच्या जोड्या, ज्यांतला एक वर्षानुवर्षं व्यायाम करतो आणि दुसरा करत नाही, फारच कमी सापडतात. इतक्या थोड्या जोड्यांत मृत्यूसारखी गोष्ट मोजली तर खरा फरकही निसटू शकतो. त्याच फिनलंडमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ अशा वेगळ्या वाटेने गेलेल्या जुळ्यांना तपासलं, तेव्हा न हलणाऱ्या भावंडाच्या पोटात आणि यकृतात चरबी जास्त निघाली.

आणि काटकपणाची शंका मिटवायचा मार्ग आहेच, लोकांचे गट स्वतः पाडणं. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत ३,२३४ जण होते, निकाल २००२ चा. कुणी कुठल्या गटात जायचं हे त्यांच्या आवडीवर नव्हतं. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि ७ टक्के वजन कमी करणं असं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. २००६ मध्ये त्याच लोकांचं टीसीएफ७एल२ हे मधुमेहाशी सर्वांत घट्ट जोडलेलं जनुक तपासलं. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटात दोन धोक्याच्या प्रती असलेल्यांचा धोका, एकही नसलेल्यांच्या १.८१ पट होता. राहणी बदललेल्या गटात तोच १.१५ पट. घराण्यातून आलेला बोजा त्या गटात जवळपास दिसेनासा झाला.

गणिती

त्या चाचणीत १.८१ आणि १.१५ यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पक्का उतरला नव्हता, तेही लिहा. आणि आहार, वजन, व्यायाम तिथेही एकत्रच. राहणी बदलून मधुमेह कमी होतो हे मला मान्य. 'व्यायाम जनुकाला हरवतो' हे त्यातून निघत नाही.

टेकडीवाली

तुमची दोघांची आकडेमोड वाचली. मला दुसरंच बोलायचंय.

माझे वडील सडपातळ. पहाटे टेकडी चढून यायचे, पावसाळ्यातही खंड नाही. कधी सिगारेट नाही, दारू नाही. पन्नाशीत साखर निघाली आणि साठीच्या आत बायपास. तेव्हा भेटायला येणारे विचारायचे, "गोड फार खायचे का हो?" आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची, कारण तो प्रश्न तिच्या स्वयंपाकावर होता. कृष्णाकाठ, तुमच्यासारखे धागे वाचून लोक हेच शिकतात, की आजारी पडला म्हणजे त्याने काहीतरी केलं नसणार.

आणि हे सगळं कुणाच्या शरीरावर मोजलं? तुमचे बहुतेक आकडे युरोपी वंशाच्या लोकांचे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी इतकी वर्षं दाखवलंय की आपल्याकडे माणूस काट्यावर हलका असून आत चरबी जास्त असते. २००९ मध्ये भारतीयांमध्ये एफटीओ तपासलं, तर मधुमेहाशी त्याचा जो संबंध दिसला तो वजनातून पूर्ण उलगडत नव्हता. मग तिकडे लठ्ठपणावर काढलेले ते २७ टक्के माझ्या सडपातळ वडिलांना कसे लागू करायचे?

कृष्णाकाठ

टेकडीवाली, तुमच्या आईला जे ऐकावं लागलं ते क्रूर होतं, आणि या कुठल्याही अभ्यासातून तसं बोलायचा हक्क कुणाला मिळत नाही. १०.७ चे ५.१ म्हणजे चांगल्या राहणीच्या शंभरांतही पाच जणांना फटका बसलाच. त्यांनी काही चुकवलं नव्हतं. न चालता त्यांना तो आधी बसला असता का, हे एका माणसाबद्दल कुठलंच मेटा-ॲनालिसिस सांगू शकत नाही. ते समूहाबद्दल बोलतं, एवढीच त्याची पोच.

आपल्या शरीरांबद्दल मात्र पुरावा आहे. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर चाचणी केली, २००६ चा निकाल. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. रोज अर्धा तास चालणं आणि आहाराचा सल्ला मिळालेल्या गटात मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. तीन वर्षांत त्यांचं वजन मात्र फारसं हललं नाही! काटा तोच राहूनही फायदा झाला. हलक्या वजनाच्या माणसांसाठी मला ही चाचणी अमेरिकेतल्या चाचणीपेक्षा मोलाची वाटते.

रानवारा

या सगळ्यात व्यायाम मोजतात कसा, ते बघा. प्रश्नावली हातात देतात आणि मोकळ्या वेळेत काय करता ते विचारतात. आमच्याकडे मावळात भात लावणीला बाई दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून असते, तिला मोकळा वेळ कसला? आयसीएमआरचा २०१४ चा अहवाल महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगडचा. त्यात ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले आणि करमणूक म्हणून काही हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते. नुसता मोकळा वेळ मोजलात तर लावणी करणारी बाई आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार एकाच रकान्यात जातात.

कृष्णाकाठ

म्हणूनच २०१७ चा प्युअर अभ्यास बघावा. १७ देश, १ लाख ३० हजारांवर माणसं, भारतही त्यात. कामातली, घरातली, चालत जाण्यातली हालचालही धरली, आणि तिचाही मृत्यूचा धोका कमी असण्याशी संबंध दिसला. आठवड्याला १५० मिनिटं गाठणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते.

गणिती

तोही निरीक्षणाचाच. ज्याला आतून आजार सुरू झालाय तो आधीच कमी हलतो, मग त्याचा मृत्यू न हलण्याच्या खात्यावर जमा होतो. चेन्नईची चाचणी मला पटते, कारण तिथे गट पाडले होते. टेकडीवालींच्या घरातल्या पुढच्या पिढीला मीही तीच सांगेन. पण मग जनुकाचं नाव मध्ये आणायचंच कशाला? घराण्यात असो नसो, सल्ला एकच निघतो.

याचा उलटा धंदाही सुरू झालाय. थुंकीचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांना कुठला व्यायाम मानवेल ते सांगतो, अशा जाहिराती मला रोज दिसतात. २०१५ साली क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन निवेदन काढलं होतं की अशा चाचण्यांवरून व्यायाम ठरवायला आधार नाही.

कृष्णाकाठ

जाहिरातींबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. त्या पैशांत तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब होतो, आणि घरात रोग असेल तर तिशीतच करून घ्यावा. जनुकाचं नाव मात्र मी आणणारच, कारण 'घराण्यातच आहे' हे सुरुवातीला मी म्हणत नाही, समोरचा म्हणतो.