येळकोट कुणाचा, मराठीचा की कानडीचा?

मंगसुळीची माहेरवाशीण
कुणी जुनी खोड सोडत नसलं की आमची आई म्हणते, "येळकोट राहीना, मूळ स्वभाव जाईना." परवा निपाणीला सासरी हेच माझ्या तोंडून गेलं. कन्नड शाळेत जाणारा पुतण्या लगेच म्हणाला, "काकू, येळकोट म्हणजे येळु कोटी. सात कोटी." मामंजी जेवता जेवता थांबले. "खंडोबाचा येळकोट आपला आहे, कानडीतनं आणलेला नाही," म्हणाले आणि पुढं कुणी बोललं नाही.

मला पोराचंच खरं वाटतं. कानडीत सातला 'एळु' म्हणतात, ऐकायला ते 'येळु' येतं. मणि-मल्लांना मारायला शंकर मार्तंडभैरव होऊन निघाला तेव्हा बरोबर सात कोटींची सेना होती, ही कथा आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं काय म्हणणं?

शहापूरकर, बेळगाव
ताई, मला नाही पटत. 1956 ला आपल्याला मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं. 2014 ला गावाचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं. आता देवाची आरोळी पण त्यांचीच म्हणायची?

आणि व्याकरण बघा. आपण "सदानंदाचा येळकोट" म्हणतो. सात कोटी असते तर "सदानंदाचे" झालं असतं. आमचे आजोबा सांगायचे, येळ म्हणजे वेळ, कोट म्हणजे किल्ला. जेजुरीचं देऊळ कोटातच आहे की. देवाच्या कोटात जायची वेळ झाली, असा तो अर्थ.

अथणीकडचा
दादा, खेड्यात वेळेला 'येळ' म्हणतात, तेवढं बरोबर. पण एकदा मैलारला जाऊन या, हूविनहडगली तालुक्यात. तिथला मैलारलिंग म्हणजे आपलाच खंडोबा. तोच भंडारा, तेच मल्ल दैत्याचं मरण. मराठीचा एक शब्द न येणारी माणसं तिथं "एळु कोटी, एळु कोटी" म्हणून गर्जतात. त्यांच्या तोंडी आपली 'वेळ' कुठनं जाईल?

'सदानंदाचा' म्हणता, त्याचं असं आहे. मूळ अर्थ विसरला की आकड्याचं नाम होतं. येळकोट म्हणजे नुसता जयघोष, मग तो एकच. ताईंनी सांगितलेली म्हण आमच्याकडं अशी आहे: "वाघ्याचा केला पाग्या, तरी येळकोट राहीना." देवाच्या वाघ्याला पागेवर नेमला, घोडी सांभाळायला दिली, तरी त्याचं ओरडणं थांबेना. म्हण रचणाऱ्याच्या डोक्यात सात कोटी कुठं आहेत?

विटीदांडू खेळताना आपण "वकट, लेंड, मूंड, नाल" मोजत होतो. ते तेलुगू-कानडी आकडेच आहेत. खेळताना कुणाला कळलं होतं?

खानापूरची
आणखी एक शक्यता. कानडीत किल्ल्याला 'कोटे' म्हणतात. मग सात कोटी नसून सात कोट असतील का? म्हणजे शहापूरकरांचा किल्ला राहतो, फक्त वेळ जाते.

अथणीकडचा
जुळतंय छान, पण मैलारला 'कोटे' कुणी म्हणत नाही, 'कोटी'च म्हणतात. शिवाय सात किल्ल्यांची गोष्ट मल्हारीच्या कथेत नाही, सात कोटींच्या सेनेची आहे.

शहापूरकर, बेळगाव
मैलारचं मान्य करतो. आजोबांचा अर्थ आता धरून ठेवता येत नाही. पण मला दुसरंच खुपतंय. दरवेळी आपणच घेतलेलं निघतं. तूप तिकडचं, अडकित्ता तिकडचा, आता येळकोट. आपल्याकडनं तिकडं काहीच गेलं नाही का? इथं मराठी पाटीसाठी भांडायला लागतं ओ. आम्हाला हा नुसता शब्दाचा प्रश्न वाटत नाही.

अथणीकडचा
गेलंय की. मैलारच्या भक्तांची आरोळी पुरी ऐका, "एळु कोटी"च्या पाठोपाठ "चांगमलो" येतं. ते आपलं चांगभलंच, असं माझं पक्कं मत आहे. जोतिबाच्या डोंगरावरचा शब्द त्यांच्या देवाला, त्यांचा आकडा आपल्या देवाला. मेंढरं घेऊन चाऱ्यामागं फिरणाऱ्या धनगर-कुरुबांनी हे इकडंतिकडं नेलं असणार. दोघांचाही देव हाच. पावसाळ्यात मेंढरं कुठं न्यायची हे ते पाऊस बघून ठरवत, राज्याची हद्द बघून नाही.

शहापूरकर, बेळगाव
चांगमलो मला माहीत नव्हतं. बरं वाटलं. तरी एक सांगतो, 'येळु' त्यांचा असू दे, पण "सदानंदाचा" मधला 'चा' आपला आहे. तो मी सोडणार नाही.

मंगसुळीची माहेरवाशीण
सगळं मामंजींना वाचून दाखवलं. वेळ आणि कोट त्यांनी अजून सोडलेला नाही. पण पुतण्याला जवळ बोलावून "ते चांगमलो परत म्हण बघू" म्हणाले, दोनदा म्हणून घेतलं. चंपाषष्ठीला दोघांनाही माझ्या माहेरी, मंगसुळीच्या खंडोबाला नेणार आहे. तिथं यात्रेत दोन्ही भाषांतले भक्त एकाच रांगेत असतात. कोण काय ओरडतं ते मामंजी स्वतःच्या कानांनी ऐकतील. आल्यावर इथं लिहीन.